इंजिन बंद, तरी गाडीखालून धूर : डिझेल गाड्यांमधला हा 'बंब' नेमकं काय करतो?

जानेवारीतली पहाट. जर्मनीतलं म्युनिक शहर. बाहेर उणे १० अंश तापमान. रात्रभर रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचांवर बर्फाचा पांढरा थर चढलाय. लोक कुडकुडत, हातात प्लॅस्टिकची पट्टी घेऊन काचा खरवडतायत. त्याच रांगेतली एक डिझेल गाडी मात्र वेगळंच वागतेय. आत कुणी नाही, इंजिन बंद आहे, तरी 'टिक... टिक... टिक' असा बारीक आवाज येतोय आणि पुढच्या चाकाजवळून पांढरा धूर निघतोय.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईहून नुकताच तिकडे गेलेला माणूस हे पहिल्यांदा पाहतो तेव्हा दचकतोच. गाडी पेटली की काय? पण आजूबाजूचे लोक निवांत असतात. अर्ध्या तासाने गाडीचा मालक येतो. काचेवरचा बर्फ वितळलेला, आत छान ऊब. सेल्फ मारताच इंजिन सुरू होतं आणि तो निघूनही जातो.

ही करामत असते गाडीच्या टाकीतल्याच डिझेलवर चालणाऱ्या एका छोट्या हीटरची. जर्मनीत त्याला 'श्टांडहायझुंग' म्हणतात, म्हणजे गाडी उभी असताना चालणारा हीटर. चपलांच्या खोक्याएवढं हे यंत्र काम काय करतं, त्याची गरज का पडते आणि नीट वापरलं नाही तर ते जिवावर कसं बेतू शकतं, हे सोप्या भाषेत समजून घेऊया.

थंडीत डिझेल गाडीचं अडतं कुठे?

पेट्रोल इंजिनात इंधन पेटवायला स्पार्क प्लग असतो. ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तिथे सिलिंडरमधली हवा इतकी जोरात दाबली जाते की ती काही शे अंशांपर्यंत तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं.

आता समजा बाहेर उणे २० अंश तापमान आहे. आत घेतलेली हवा गारठलेली आणि इंजिनाचं लोखंडही गारठलेलं. हवा दाबली तरी तिची बरीचशी उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती शोषून घेतात आणि डिझेल पेटायला हवी तेवढी ऊब तयार होत नाही. यासाठी डिझेल इंजिनात 'ग्लो प्लग' असतात. सुरू करण्याआधी ते लालबुंद होतात आणि सिलिंडर तापवायला मदत करतात. डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखं पिवळं चिन्ह दिसतं, ते यांचंच.

पण थंडीचा मारा एकाच ठिकाणी होत नाही.

इंजिन ऑईल घट्ट होतं, त्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. हा जोर द्यायचा असतो बॅटरीने. पण थंडीत बॅटरीही मरगळते. साधारण उणे १८ अंशांना साध्या लेड-ॲसिड बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे काम वाढतं नेमकं त्याच वेळी कामगार आजारी पडतो.

तिसरी अडचण खुद्द डिझेलची. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत गोठतं, हे आपण घरोघरी पाहतो. डिझेलचंही तसंच होतं. त्यात मेणासारखे पॅराफिनचे घटक असतात. तापमान उतरलं की त्यांचे बारीक कण तयार होतात, डिझेल गढूळ दिसायला लागतं आणि हे कण फिल्टरमध्ये अडकून इंधनाची वाट बंद करतात. म्हणूनच युरोपात हिवाळ्यासाठी वेगळं डिझेल विकलं जातं. जर्मनीत हिवाळी डिझेल उणे २० अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहतं राहिलं पाहिजे, असं मानक आहे. त्याहून उत्तरेकडच्या देशांसाठी आणखी कडक दर्जाचं 'आर्क्टिक' डिझेल असतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. हा हीटर इंजिन गरम करतो, टाकीतलं गोठलेलं डिझेल वितळवत नाही. उलट डिझेल गोठलं तर हीटरही बंद पडतो, कारण तो त्याच टाकीतून डिझेल ओढतो.

मग इंजिन चालू ठेवून गाडी गरम का करत नाहीत?

हा प्रश्न कुणालाही पडेल. दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवली की झालं, वेगळा हीटर कशाला?

कारण डिझेल इंजिन जागेवर उभं राहून लवकर तापतच नाही. डिझेल इंजिन काटकसरी असतं. जागेवर घरघरताना ते अगदी थोडं इंधन जाळतं, त्यामुळे वाया जाणारी उष्णताही थोडीच. आणि गाडी आतून गरम होते ती याच वाया जाणाऱ्या उष्णतेवर. कडाक्याच्या थंडीत डिझेल गाडी पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवली तरी तापमानाचा काटा जेमतेम हललेला असतो. तेवढ्या वेळात थंड इंजिनाची झीज होते, न जळलेलं इंधन ऑईलमध्ये मिसळतं आणि शेजाऱ्यांच्या खिडकीखाली धूर साचतो तो वेगळाच.

जर्मनीत तर हे कायद्यातच बसत नाही. तिथल्या रस्ते वाहतूक नियमांच्या कलम ३० नुसार विनाकारण इंजिन चालू ठेवायला मनाई आहे आणि गाडी गरम करणं हे त्यासाठी कारण मानलं जात नाही. दुसरीकडे, काचेवर बर्फ असताना फक्त डोळ्यांपुरतं भोक खरवडून गाडी चालवली तरीही दंड होतो. थोडक्यात, काच तर पूर्ण साफ हवी, पण त्यासाठी इंजिन चालू ठेवायचं नाही. हीटरची गरज तयार होते ती इथेच.

बंबाचं तत्त्व, गाडीच्या आकारात

या हीटरचं काम समजून घ्यायला आपल्याकडचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी आणि वर धुराडं. जाळ आणि पाणी एकमेकांना शिवत नाहीत, पण तांब्याच्या भिंतीतून उष्णता पाण्यात जाते.

गाडीतला हीटर म्हणजे असाच बंब. फक्त लाकडांच्या जागी डिझेल आणि अंघोळीच्या पाण्याच्या जागी इंजिनाचं कूलंट.

आता क्रम पाहूया. मालक टायमर लावतो किंवा रिमोटचं, मोबाईल ॲपचं बटण दाबतो. हीटरमधली एक छोटी पिन विजेवर तापून लाल होते. पंखा हवा ओढतो. मग एक छोटा पंप टाकीतून थेंब-थेंब मापून डिझेल पाठवायला लागतो. 'टिक-टिक' आवाज येतो तो याच पंपाचा. तापलेल्या पिनेपाशी डिझेलची वाफ होते आणि ती पेटते. ज्योत लागल्याचं सेन्सरने सांगितलं की पिन बंद होते आणि पुढे जाळ स्वतःच टिकून राहतो.

या जाळाभोवती कूलंट फिरत असतं. त्यासाठी हीटरचा वेगळा छोटा पंप असतो, कारण इंजिन बंद असताना इंजिनाचा पंप फिरत नाही. गरम झालेलं कूलंट इंजिनातून आणि गाडीच्या आतल्या हीटरच्या जाळीतून फिरतं. ते पुरेसं कोमट झालं की यंत्रणा आतला ब्लोअर सुरू करते, उबदार हवा काचेवर येते आणि बर्फ सुटायला लागतो. बाहेर किती थंडी आहे त्यानुसार या सगळ्याला २० ते ४० मिनिटं लागतात.

सुरुवातीला दिसणारा पांढरा धूर म्हणजे पूर्ण न जळलेलं डिझेल आणि पाण्याची वाफ. ज्योत नीट लागली की तो विरळ होतो. तो बराच वेळ तसाच राहिला किंवा काळा पडला तर मात्र हीटर आजारी आहे, असं समजावं.

आणखी एक गंमत. बटण दाबून हीटर बंद केला तरी तो लगेच थांबत नाही. आतली ज्योत विझते, पण पंखा आणि कूलंटचा पंप आणखी दोन-तीन मिनिटं फिरत राहतात. आतलं धातूचं भांडं थंड करणं आणि उरलेला धूर बाहेर काढणं हे त्यांचं काम. या वेळात बॅटरीची वायर काढली तर हीटरचं नुकसान होतं.

या हीटरचे दोन प्रकार असतात. वर सांगितला तो 'पाण्याचा' हीटर, म्हणजे इंजिन आणि केबिन दोन्ही गरम करणारा. दुसरा 'हवेचा' हीटर. तो कूलंटला हात लावत नाही, थेट गाडीतली हवा तापवतो. रात्री केबिनमध्ये झोपणारे ट्रक ड्रायव्हर आणि व्हॅन घेऊन फिरणारे लोक हा वापरतात. इंजिनाला मात्र त्याचा काही उपयोग नाही.

मुंबईच्या भगिनी शहराशेजारची गोष्ट

या धंद्यातली दोन मोठी नावं म्हणजे वेबॅस्टो आणि एबरस्पेशर. योगायोग असा, की दोन्ही कंपन्या जन्माला आल्या एकाच गावात. श्टुटगार्टला लागून असलेल्या एस्लिंगेनमध्ये. हेच श्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे.

१८६५ मध्ये याकोब एबरस्पेशर यांनी तिथे पत्र्याच्या कामाचं दुकान टाकलं. १९०१ मध्ये विल्हेल्म बायर यांनी दुसरा कारखाना काढला. पुढे तो म्युनिकजवळच्या श्टॉकडॉर्फला हलला आणि विल्हेल्म, बायर, श्टॉकडॉर्फ या तीन शब्दांतली अक्षरं जोडून 'वेबॅस्टो' हे नाव तयार झालं. आज सनरूफच्या धंद्यातही ही कंपनी जगात आघाडीवर आहे.

रशियात तर हे नाव इतकं रुळलंय की कुठल्याही कंपनीचा हीटर असला तरी लोक त्याला 'वेबॅस्टो'च म्हणतात. आपल्याकडे कुठल्याही फोटोकॉपीला 'झेरॉक्स' म्हणतात, तसंच.

इंधन जाळून गाडी गरम करायची कल्पना मात्र डिझेल गाड्यांपुरती नव्हती. फोक्सवॅगनच्या जुन्या 'बीटल'चं इंजिन हवेने थंड व्हायचं. त्यात गरम पाणीच नव्हतं, त्यामुळे केबिन नीट तापायची नाही. म्हणून तिच्यासाठी पेट्रोलवर चालणारा हीटर मिळायचा. सोव्हिएत काळातल्या 'झापोरोझेत्स' या छोट्या गाडीतही असाच पेट्रोल हीटर होता.

गाडीत हीटर आहे, पण मालकालाच माहीत नाही

१९९० च्या दशकात थेट इंधन फवारणारी नवी डिझेल इंजिनं आली. ती इतकी काटकसरी होती की हिवाळ्यात गाडी चालू असतानाही आत पुरेशी ऊब मिळेना. तेव्हा युरोपातल्या अनेक कंपन्यांनी डिझेल गाड्यांमध्ये कारखान्यातच एक मदतनीस हीटर बसवायला सुरुवात केली. जर्मन भाषेत त्याला 'त्सूहायझर' म्हणतात, म्हणजे जोडीचा हीटर.

हा हीटर आतून जवळपास तसाच असतो. पण तो इंजिन चालू असतानाच पेटतो. गाडी बंद केली की तोही बंद. त्यामुळे सकाळी काच साफ करायला त्याचा उपयोग होत नाही.

पण बर्नर, पंप, धुराची नळी हे सगळं गाडीत आधीच असतं. कमी असतो तो टायमर किंवा रिमोट, काही गाड्यांमध्ये कूलंट फिरवणारा वेगळा पंप आणि सॉफ्टवेअरमधला बदल. एवढं केलं की त्सूहायझरचा श्टांडहायझुंग होतो. जुनी डिझेल गाडी घेणाऱ्यांमध्ये हा 'जुगाड' चांगलाच लोकप्रिय आहे. नवा हीटर बसवायचा तर मजुरीसकट साधारण १,००० ते २,५०० युरो लागतात. हा मार्ग त्याच्या बराच खाली पडतो.

फक्त सेकंडहँड गाडी घेताना एक गोष्ट पाहावी लागते. जाहिरातीत 'हीटर आहे' असं लिहिलेलं असतं. तो गाडी उभी असताना चालतो की इंजिन चालू असतानाच, हे विचारलं नाही तर पहिल्याच थंडीत निराशा पदरी येते. काही नव्या गाड्यांमध्ये तर इंधनाचा हीटर नसतोच. त्याऐवजी विजेवर चालणारा छोटा हीटर असतो आणि त्याचं असं रूपांतर करता येत नाही.

डिझेल किती लागतं? आणि बॅटरी?

चारचाकीतला असा हीटर साधारण ४ ते ५ किलोवॉटचा असतो. घरातल्या २ किलोवॉटच्या गिझरशी तुलना करा, म्हणजे ताकदीचा अंदाज येईल. पूर्ण जोरात चालला तर त्याला तासाला अर्धा लिटरपेक्षा थोडं जास्त डिझेल लागतं. म्हणजे अर्ध्या तासाला पाव ते ३०० मिलिलिटर. यातलं थोडं परतही मिळतं, कारण तापलेलं इंजिन पहिल्या काही किलोमीटरमध्ये कमी डिझेल पितं. पण सगळं वसूल होत नाही. 'हीटर लावा, डिझेल वाचवा' असा कुणी दावा केला तर तो जपूनच घ्यावा.

खरा हिशेब असतो बॅटरीचा. पेटताना पिनेला शंभर वॉटच्या आसपास वीज लागते. पुढे पंप आणि पंखे तुलनेने कमी घेतात, पण केबिनचा ब्लोअर वीज खातच राहतो. अर्ध्या तासाला साधारण ५ ते ६ अँपिअर-तास धरले तर ७० अँपिअर-तासांच्या धडधाकट बॅटरीला ते जड नाही. अडचण येते रोजच्या वापरात. सकाळी अर्धा तास हीटर, मग दहा मिनिटांवरचं ऑफिस. संध्याकाळी पुन्हा तेच. थंड बॅटरी चार्जही हळू घेते. म्हणजे रोज जितके खर्च होतात तितके परत जमा होत नाहीत. आठवडाभरात खातं रिकामं.

म्हणून हीटर बनवणाऱ्या कंपन्या एक साधा नियम सांगतात : जितका वेळ हीटर चालवाल, किमान तितका वेळ गाडी चालवा.

आणखी एक गैरसमज. हीटर लावला म्हणजे इंजिन पूर्ण तयार, असं नसतं. कूलंट तापतं, त्यामुळे सिलिंडरभोवतीचा भाग गरम होतो. पण खालच्या तळात बसलेलं ऑईल फारसं तापत नाही. त्यामुळे हीटर लावूनही पहिले काही किलोमीटर गाडी हळूच हाकावी लागते.

हीटर बंद का पडतो?

गंमत म्हणजे हीटर बिघडतो तो बऱ्याचदा न वापरल्यामुळे. मार्च ते ऑक्टोबर त्याला कुणी हात लावत नाही. आत उरलेलं डिझेल चिकट होतं, पंप अडकतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या थंडीत तो पेटत नाही. म्हणून उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा दहा मिनिटं हीटर चालवावा, असं कंपन्या सांगतात.

दुसरं कारण काजळी. पाच-पाच मिनिटं चालवून बंद केला तर आतला भाग नीट तापत नाही आणि काजळी साचत जाते. स्टोव्हचा बर्नर जसा तुंबतो, तसंच.

तिसरं कारण बॅटरी. व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या खाली गेलं की हीटर स्वतःच बंद होतो. गाडी सुरू करण्यापुरती तरी वीज शिल्लक राहावी, हा त्यामागचा हेतू. टाकीत डिझेल रिझर्व्हला आलं तरी अनेक गाड्यांमध्ये हीटर पेटत नाही.

आणि चौथं, ऋतूबदल. टाकीत हिवाळी डिझेल भरलं तरी हीटरच्या बारीक नळीत जुनं उन्हाळी डिझेल उरलेलं असतं. म्हणून नवं डिझेल भरल्यावर हीटर पंधरा मिनिटं चालवून घ्यावा लागतो.

हीटर एकदा पेटला नाही तर तो पुन्हा प्रयत्न करतो. सारखाच फसला तर स्वतःला कुलूप लावून घेतो. मग मेकॅनिकने कारण शोधल्याशिवाय तो परत परत रीसेट करत बसणं धोक्याचं. आत साचलेलं डिझेल एकदम पेटू शकतं.

इथे खेळ जिवाशी आहे

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. हे यंत्र कितीही आधुनिक असलं, मोबाईलवरून चालत असलं, तरी आत जाळ आहे. आणि जिथे जाळ आहे तिथे कार्बन मोनॉक्साईड आहे.

या वायूला रंग नसतो, वास नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग झोप येते. आणि झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्याने माणसं दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे उत्तरेतून दर हिवाळ्यात येतात. तो धोका आणि हा धोका एकच.

म्हणून बंद गॅरेजमध्ये हा हीटर कधीही चालवायचा नाही. यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे टायमर. गाडी रोज रस्त्यावर लावता, टायमर सकाळी सहाचा लावलेला असतो. एक दिवस गाडी घरालगतच्या गॅरेजमध्ये लावली आणि टायमर काढायचा विसरलात, तर सकाळी सहाला तो आपोआप पेटणार. आपण तेव्हा झोपेत असणार.

दुसरा धोका बर्फाचा. गाडीभोवती बर्फ साचला आणि धुराची नळी बुजली तर धूर गाडीखाली कोंडतो आणि केबिनच्या हवेत ओढला जातो. म्हणून हीटर लावण्याआधी नळीचं तोंड मोकळं आहे ना, ते पाहायचं.

गेल्या काही वर्षांत ऑनलाइन बाजारात स्वस्त चिनी हवेचे हीटर आलेत. ते स्वतः बसवणाऱ्यांचे व्हिडिओही भरपूर आहेत. हीटर स्वस्त असला म्हणून लगेच वाईट ठरत नाही. पण धुराच्या नळीचे सांधे ढिले राहिले, नळी केबिनमधूनच नेली, हवा ओढायची नळी धुराच्या नळीशेजारीच ठेवली, तर परिणाम भयंकर होतो. युरोपात अशा हीटरसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १२२ लागू आहे. तो त्यांची बांधणी आणि धूर याबद्दलच आहे. अशा गाडीत झोपायचंच असेल तर कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म ही चैन नाही, गरज आहे.

दोन नियम आणखी. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी हीटर बंद करायचा, कारण आत ज्योत असते. आणि वाळलेल्या गवतावर किंवा पाचोळ्यावर गाडी उभी करून तो लावायचा नाही, कारण धुराची नळी चांगलीच तापते.

हवा स्वच्छ राहते का?

याचं उत्तर 'हो' आणि 'नाही' दोन्ही आहे. गरम इंजिन सुरू होताना कमी धूर ओकतं, हे खरं. पण गाडीच्या सायलेन्सरमध्ये धूर स्वच्छ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि काजळी अडवणारा फिल्टर असतो. हीटरच्या छोट्या नळीत यातलं सहसा काहीच नसतं. त्याचा धूर थेट फुटपाथच्या उंचीवर सुटतो. वीस मिनिटांत काम होत असेल तर पन्नास मिनिटं चालवू नये, एवढं तर कुणीही पाळू शकतं.

नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि कॅनडात याला जुना पर्याय आहे, तो म्हणजे विजेचा इंजिन हीटर. इंजिनात एक छोटी कॉईल बसवायची आणि तिची वायर भिंतीतल्या प्लगला लावायची. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी १९४९ मध्ये अशा हीटरचं पेटंट घेतलं होतं. फिनलंडमध्ये तर इमारतींच्या पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीसाठी विजेचे छोटे खांब असतात. यात जाळ नाही, धूर नाही आणि बॅटरीवर भार नाही. पण प्लग जवळ हवा. रस्त्यावर गाडी लावणाऱ्या शहरी माणसाला तो मिळत नाही आणि म्हणूनच इंधनाचा हीटर टिकून आहे.

आपल्याला याची गरज आहे का?

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर नाही. निफाडमध्ये पारा कितीही उतरला तरी गाडीतले ग्लो प्लग आणि चांगली बॅटरी एवढ्यावर भागतं.

गोष्ट बदलते ती लडाखला. तिथे हिवाळ्यात पारा उणे २० च्याही खाली जातो. टाकीखाली जाळ करून किंवा स्टोव्ह लावून डिझेल वितळवणं, त्यात रॉकेल मिसळणं, असे उपाय तिथले ड्रायव्हर वर्षानुवर्षं करत आलेत. १७ नोव्हेंबर २०१९ ला लडाखमध्ये इंडियन ऑईलचं खास हिवाळी डिझेल मिळायला लागलं. पानिपतच्या रिफायनरीत तयार झालेलं हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं.

त्यामुळे हिवाळ्यात लडाखला स्वतःची डिझेल गाडी घेऊन जाणाऱ्यांनी हीटर शोधत बसण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. टाकीत खालचं डिझेल भरून वर जाऊ नका, जिथे हिवाळी डिझेल मिळतं तिथे टाकी भरा. बॅटरी जुनी असेल तर बदला. कूलंटमध्ये नुसतं पाणी नाही ना, ते तपासा, कारण पाणी गोठलं तर इंजिनाला तडा जातो. आणि नव्या गाडीत रॉकेल मिसळू नका. आजच्या इंजिनातला इंधनाचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, रॉकेलने तो खराब होतो. गाडीत बाहेरून हीटर बसवायचाच असेल तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारणा करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत.

आणि रस्त्यात अडकलात, रात्र गाडीत काढायची वेळ आली, तर काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साईडचा नियम तिथेही तोच आहे.

इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर हा हीटर संपणार?

हळूहळू, हो. इलेक्ट्रिक गाडी चार्जरला लावलेली असताना मोबाईलवरून आत ऊब आणता येते आणि त्यासाठी काही जाळावं लागत नाही. पण थंडीने इथेही आपला हिसका दाखवलाच. वेगळी ऊब करायला बॅटरी खर्च होते आणि गाडीचा पल्ला घटतो. म्हणून व्होल्वोने आपल्या 'सी-३०' या इलेक्ट्रिक गाडीत इथेनॉलवर चालणारा हीटर दिला होता. युरोपातल्या काही इलेक्ट्रिक बसमध्ये आजही प्रवाशांना ऊब देण्यासाठी छोटा डिझेल हीटर असतो. बस विजेवर, ऊब डिझेलवर!

तोपर्यंत म्युनिकच्या त्या रस्त्यावर हिवाळ्याच्या सकाळी 'टिक-टिक' ऐकू येत राहणार. तिकडे राहणारं तुमच्या ओळखीचं कुणी असा हीटर असलेली जुनी डिझेल गाडी घेत असेल, तर दोनच गोष्टी आवर्जून सांगा : हीटर चालवला तितका वेळ गाडीही चालव, आणि गॅरेजमध्ये गाडी लावलीस तर टायमर आधी काढ. पहिल्याने बॅटरी वाचेल. दुसऱ्याने जीव.